वायरदादा आणि जवळच्या पल्ल्याची मॉड्यूलं

वायरदादांच्या खांद्याला कायम एक पिशवी असायची. आभाळ निरभ्र असलं तरी तिच्यात छत्री, आणि वाऱ्याने छत्री उलटी झालीच तर पंचाईत नको म्हणून रेनकोटही. चष्म्याच्या दोन जोड्या. घराची जादा चावी, आणि तीही हरवली तर म्हणून आणखी एक. पन्नाशीला टेकलेले, उंच, जरासे पुढे झुकलेले वायरदादा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एखादं काम त्यांच्यावर सोपवलं की ते हवं त्याच्या दुप्पट मजबूत होऊन यायचं. एकदा छापखान्याच्या जिन्यात घड्याळ लावायला सांगितलं, तर त्यांनी भिंतीत असे हूक ठोकले की त्यांना झोपाळा टांगता आला असता.

हा छापखाना नकाशे आणि मुलांची चित्रांची पुस्तकं छापायचा. वायरदादा ऐन तारुण्यात तिथे वायरमनच्या हाताखाली लागले. मग टेलिफोन आले, मग संगणक, मग नेटवर्क, आणि दर वेळी नवी वायर ओढायला शिडीवर हेच. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी रीतसर शिक्षणही घेतलं. दारावर ‘नेटवर्क विभाग’ अशी पाटी लागली, हाताखाली एक खोलीभर यंत्रं आली, पण नाव मात्र वायरदादाच राहिलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. करायचं नाही असं ठरवलेलं मुळीच नव्हतं. आधी आईचं आजारपण होतं, मग घराचं कर्ज फेडायचं होतं, मग शिक्षण पुरं करायचं होतं. सगळं नीट जागच्या जागी बसलं की बघू, असं म्हणता म्हणता पाहुण्यारावळ्यांनी विचारायचंच सोडून दिलं. घरात थोरली बहीण होती. ताई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती आणि निवृत्त झाल्यावरही तिचा आवाज चार वॉर्डांत ऐकू जाईल असाच होता. यजमान गेल्यावर ती महिनाभर भावाकडे राहायला म्हणून आली आणि मग तिथेच राहिली. दोघांचं छान चाललं होतं. ती स्वयंपाक करायची, तो भांडी घासायचा, आणि जेवताना ती इस्पितळातल्या गोष्टी सांगायची, ज्या त्याला पाठ होत्या.

असं सगळं सुरळीत असताना छापखान्यात नवी प्लेट मशीन आली.

छापखान्याच्या आवारात तीन इमारती होत्या. पुढच्या इमारतीत चित्रकार बसून संगणकावर पानं तयार करायचे. समोरच्या इमारतीत त्या पानांच्या प्लेटा बनायच्या, म्हणजे ज्यांच्यावर शाई लावून छापतात ते ॲल्युमिनियमचे पत्रे. आणि मागच्या शेडमध्ये छपाईची अवजड यंत्रं धडधडत असायची. पुढच्या इमारतीतून प्लेटांच्या खोलीत फाइल जायची ती नेटवर्कवरून. आणि भिंतीएवढ्या नकाशाची फाइल म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. ती येईपर्यंत प्लेटमास्तर शब्दकोडं सोडवत बसायचे. जुन्या मशीनला ते चालून जायचं, कारण ती स्वतःच सुस्त होती. नवी मशीन मात्र भराभर प्लेटा टाकायची आणि मग पुढच्या फाइलची वाट बघत उभी राहायची. मालकीणबाई रोज काचेतून बघायच्या, तर लाखमोलाची मशीन उभी आणि प्लेटमास्तर पेन्सिल चावत बसलेले.

बाईंनी वायरदादांना बोलावून घेतलं. शाळा उघडण्याआधी पुस्तकं जायला हवी होती, त्यामुळे काय तो सोक्षमोक्ष लवकर लावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अडचण फारशी अवघड नव्हती. आवारातून जमिनीखालून काचेच्या तंतूंची केबल पूर्वीच गेलेली होती. नव्या मशीनबरोबर नवे स्विचही आले होते. स्विच म्हणजे नेटवर्कचा चौक. सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात. त्या स्विचच्या तोंडाला रिकामी खोबणी होती आणि तिच्यात मॉड्यूलं बसवायची तेवढी बाकी होती. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा. स्विचकडून येणाऱ्या विजेच्या खुणांचा तो प्रकाश करतो, तो प्रकाश काचेच्या तंतूतून धावत जातो, आणि पलीकडचा तसलाच तुकडा त्या प्रकाशाची पुन्हा वीज करतो. एवढंच. पण हे तुकडे तऱ्हेतऱ्हेचे येतात. काही जवळच्या पल्ल्याचे, काही लांबच्या, आणि लांबच्या पल्ल्याचा भाव ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

वायरदादांनी स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या एजंटाकडून दरपत्रक मागवलं. मागवताना त्यांच्या स्वभावाने उचल खाल्ली. थोडं जास्तच असलेलं बरं, असं म्हणून त्यांनी चाळीस किलोमीटर पल्ल्याची मॉड्यूलं लिहून दिली, प्रत्येक जोडणीला एक जोडी जादा धरून.

मालकीणबाईंनी दरपत्रक वाचलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

“वायरदादा, रात्री मी झोपले असताना आपला छापखाना चाळीस किलोमीटर वाढला का?”

“नाही बाई. पण उद्या लागलं तर?”

“उद्या मी तेवढ्या लांब जागा घेतली, तर पेढे द्यायला पहिल्यांदा तुमच्याकडे येईन. तोवर दुसरीकडे चौकशी करा.”

चौकशी करत करत ते एका चपलांच्या दुकानापाशी पोचले. त्याच्या वरच्या मजल्यावर नेटवर्कच्या सामानाचं एक छोटं दुकान होतं. अरुंद जिना, काचेचं दार, आत भिंतभर फडताळं. आणि फडताळांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचून ठेवलेले. अंड्यांच्या जागी प्रत्येक खळग्यात एक मॉड्यूल, तोंडाला रबराची टोपी घालून. काउंटरमागे पंचेचाळिशीच्या एक बाई स्टुलावर बसून चिमट्याने काहीतरी उचकटत होत्या. हे दुकान त्यांच्या भावाने काढलेलं. तो परदेशी गेला आणि दुकान बहिणीच्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता आसपासच्या बँका आणि कॉलेजं तिच्याकडूनच माल नेत होती.

वायरदादांनी यावेळी स्वतःला आवर घातला होता. चाळीस नको, दहा किलोमीटरची द्या, असं ते म्हणाले.

“अंतर किती?” दुकानदारीण बाईंनी मान वर न करता विचारलं.

“तीन इमारती आहेत.”

“इमारती नाही विचारल्या. अंतर.”

“असेल शे-दीडशे मीटर. पण दहा किलोमीटरची असली की बरं.”

मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि या गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. अंतर मोजून या, म्हणाल्या. शिवाय केबलीचा रंग बघून या आणि तिच्या अंगावर काय छापलंय ते वाचून या. त्याशिवाय मी तुम्हाला काही विकणार नाही. आवाजात राग नव्हता. डॉक्टर आधी तपासून घ्या म्हणतो तसं म्हणाल्या. पण वायरदादांना ते लागलं. पैसे घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणारं दुकान त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याच तिरीमिरीत ते जिना उतरले आणि जुन्या सामानाच्या बाजारात शिरले. तिथे एकाकडे चाळीस किलोमीटरची वापरलेली जोडी होती, आणि तीही कवडीमोलाने. लांबचा पल्ला आणि स्वस्त भाव! त्यांनी दुसरा विचारच केला नाही. परत येताना बसमध्ये त्यांनी दोनदा पिशवीत हात घालून ती जोडी जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉड्यूलं बसवली. स्विचवरचा हिरवा दिवा लागला. वायरदादांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला. पाठवलेला नकाशा प्लेटमास्तरांनी उघडला आणि फोन उचलून सांगितलं की अर्धा देश आलाय, नद्या सगळ्या वाटेतच राहिल्यात. दुपारपर्यंत वायरदादा या इमारतीतून त्या इमारतीत फेऱ्या मारत होते आणि चित्रकार खिडकीतून बघत होते. शेवटी त्यांनी हात टेकले, जोडी काढली, आणि प्लेटमास्तरांना म्हणाले, मास्तर, जरा टेपचं टोक धराल का.

मग मोजणी झाली. प्लेटमास्तरांनी टोक धरलं, वायरदादा फीत उलगडत केबलीच्या वाटेने निघाले, आणि चहाची वेळ असल्याने सगळा छापखाना सल्ला द्यायला बाहेर आला. कुणी म्हणालं फीत ढिली आहे, कुणी म्हणालं वळणाचं जास्त धरा, कुणी म्हणालं आमच्या प्लॉटचीही मोजणी करून द्या. खड्ड्यांची झाकणं उचलून त्यांनी केबल पाहिली. पुढच्या इमारतीतून प्लेटांच्या खोलीकडे जाणारी नवी केबल हिरवट निळ्या रंगाची होती. मागच्या शेडकडे जाणारी फार पूर्वीची, नारिंगी. अंगावरची बारीक अक्षरं वाचायला त्यांना चष्म्याच्या दोन्ही जोड्या लागल्या.

तेवढं सगळं कागदावर लिहून ते पुन्हा तो अरुंद जिना चढले. जुन्या बाजारातली फजिती सांगायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण दुकानदारीण बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर आलं. वायरदादांना वाटलं आता ही बाई हसणार. ती हसली नाही. तिने ती जोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, माल चांगला आहे, फक्त तुमच्या कामाचा नाही.

“समजा मी तुमच्या कानाशी तोंड आणून जीव खाऊन ओरडले,” ती म्हणाली, “तर तुम्हाला शब्द कळेल का? दचकाल फक्त. हे मॉड्यूल लांबच्या गावाला हाक मारण्यासाठी बनवलंय. समोर दीडशे मीटरवर बसलेल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि तुमची केबलही जवळच्या पल्ल्याच्या जातीची आहे. दोघांचं जमायचंच नाही.”

मग तिने एकेका जोडणीचा हिशोब मांडला. प्लेटांच्या खोलीकडे भारी फाइली जातात, तिथे वेगवान पण जवळच्या पल्ल्याची जोडी. ती लांबच्या पल्ल्याच्या मानाने किती तरी स्वस्त. मागच्या शेडकडे काय जातं? वायरदादा म्हणाले, कामाच्या चिठ्ठ्या आणि शाईचे आकडे. मग तिथे साधी, कमी वेगाची जोडी बस्स झाली. शिवाय नारिंगी केबल त्याहून जास्त वेग तेवढ्या अंतरावर सोसणारही नाही. आणि एकावर एक ठेवलेले दोन स्विच एकमेकांना जोडायला तुम्ही मॉड्यूलं मागताय ती कशाला? तिने फडताळातून हातभर लांबीची, दोन्ही टोकांना मॉड्यूलसारखी तोंडं असलेली तांब्याची वायर काढून काउंटरवर ठेवली. एवढ्या जवळ प्रकाशाची गरजच नाही.

वायरदादांनी चाचरत विचारलं, की पुढे छापखाना वाढला तर?

“तर ही काढायची, दुसरी घालायची. तुकडा बोटाएवढा आहे, भिंत पाडावी लागत नाही.” मग तिने स्वतःच सुचवलं की आठवडाभर वापरून बघा. चाललं तर पैसे द्या.

आपल्या आयुष्यात कुठलीही गोष्ट काढून दुसरी घालता येते, हा विचार वायरदादांना नवीन होता. बसमध्ये तो त्यांच्या डोक्यात घोळत राहिला.

पण बसवायला गेल्यावर नवंच विघ्न. स्विचने मॉड्यूल ओळखायलाच नकार दिला. पडद्यावर सूचना आली की हा भाग आमच्या कंपनीचा नाही. वायरदादांनी कपाळाला हात लावला आणि दुकानात फोन केला. तासाभरात दुकानदारीण बाई स्कूटरवरून आवारात दाखल झाल्या, पाठीला सॅक. स्विचच्या खोलीत मांडी घालून बसल्या आणि सॅकमधून एक छोटी डबी काढली. त्यांनी समजावलं की प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात त्याची ओळख लिहिलेली असते आणि काही स्विच ती वाचल्याशिवाय आत घेत नाहीत. या डबीने ती ओळख स्विचला समजेल अशी लिहिता येते. चूक माझी, म्हणाल्या, स्विचचा नेमका प्रकार मी विचारायला हवा होता.

ओळख लिहून झाली, जोडी बसली, दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पुढच्या इमारतीतून भिंतीएवढ्या नकाशाची फाइल सोडली. प्लेटमास्तरांनी सवयीने शब्दकोड्याचा कागद पुढे ओढला, पेन्सिलीला टोक काढलं, पहिला शब्द वाचला. आणि मशीनने शिट्टी दिली. फाइल आली होती, नद्यांसकट. मास्तर काही वेळ पडद्याकडे आणि काही वेळ पेन्सिलीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिन्न आवाजात विचारलं, की आता आम्ही दिवसभर काम करायचं की काय.

मागच्या शेडची जोडणी मात्र अजून रुसलेली होती. दिवा होता, पण मधूनच आकडे गळायचे. दुकानदारीण बाईंनी पेनाएवढ्या सूक्ष्मदर्शकातून तंतूचं टोक पाहिलं आणि यंत्र वायरदादांच्या हातात दिलं. त्यांनी डोळा लावला. आत चंद्रासारखं गोल टोक आणि त्यावर पसरलेला, रेघारेघांचा मोठा डाग.

“हा बोटाचा ठसा आहे,” ती म्हणाली. “इथे कुणी हात लावला होता?”

तंतूचं टोक बसवण्याआधी अंगठ्याने पुसून, मग शर्टाला घासून घेण्याची वायरदादांची जुनी सवय होती. ते आपल्या अंगठ्याकडे बघू लागले. आणि मग त्यांना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना छापखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. तीही हसली, टोक पुसायचं खास पेन काढून तिने ते त्यांना दिलं, आणि शर्टाला कायमची रजा द्यायला सांगितलं.

चार दिवसांनी स्विच कंपनीचा एजंट चक्कर टाकून गेला. बाहेरची मॉड्यूलं वापरली तर बिघाडाच्या वेळी आम्ही काखा वर करू, असं त्याने गोड शब्दांत सुचवलं. मालकीणबाईंनी वायरदादांकडे पाहिलं. यावेळी त्यांच्याकडे उत्तर होतं. कंपनीच्या मॉड्यूलची एकच अस्सल जोडी घेऊन कपाटात ठेवायची. तक्रार आलीच तर ती लावून बघायची, म्हणजे दोष मॉड्यूलचा की स्विचचा ते लगेच कळेल. एक जोडी, प्रत्येक जोडणीला एक नव्हे. बाईंनी होकार दिला आणि एजंटही खूश होऊन गेला, कारण अगदीच मोकळ्या हाताने जाण्यापेक्षा ते बरं.

काम संपलं. वायरदादांनी पैसे नेऊन दिले. खरं तर तिथेच हा व्यवहार संपायला हवा होता. पण पुढच्या आठवड्यात त्यांना रबराच्या टोप्या हव्या होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात टोक पुसायचं पेन संपलं. ते शेकडो वेळा पुरतं असं त्यावरच छापलेलं होतं. दुकानदारीण बाईंनी नवं पेन काढून दिलं. काउंटरच्या अलीकडे एक जादा स्टूलही आलं. गिऱ्हाईक नसलं की दोघं बोलत बसायची. तिने सांगितलं, की लहान वयात लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं, रडून झालं आणि मग हिशोब शिकायला घेतले. त्यांनी सांगितलं, की आपण काहीच मोडलं नाही, कारण काही सुरूच केलं नाही. हे वाक्य त्यांनी आधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना कानकोंडं झालं. तिने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

घरी ताईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. भाऊ शर्टाला इस्त्री करू लागला होता. इस्पितळाच्या गोष्टी ऐकताना भलत्याच जागी हसू लागला होता. आणि रोज जेवताना “दुकानातल्या बाई म्हणतात” अशी सुरुवात होऊ लागली होती. ताईने महिनाभर वाट पाहिली. पेशंट आपणहून काही सांगणार नाही अशी खात्री पटल्यावर एका दुपारी तिने पर्स उचलली आणि चपलांच्या दुकानावरचा तो जिना चढली.

“मला एक मॉड्यूल हवंय,” तिने काउंटरवर पर्स ठेवत सांगितलं.

“अंतर किती?”

“दोन बस थांबे.”

दुकानदारीण बाईंनी मान वर केली. समोर पांढऱ्या केसांची, ताठ मानेची बाई उभी होती आणि तिचं नाक ओळखीचं वाटत होतं.

“दोन टोकांना काय आहे?”

“एका टोकाला माझा भाऊ. दुसऱ्या टोकाला हे दुकान.”

दुकानदारीण बाई हसल्या आणि स्टूल पुढे केलं. पण त्यांचं हसू लगेच आवरलंही. त्यांनीच तुम्हाला पाठवलं का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, त्याला नुसतं कळलं तरी तो आठवडाभर जेवायचा नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ताईला फार आवडलं.

“माझं पहिलं लग्न दोन घरांनी ठरवलं होतं. आम्ही दोघं सोडून सगळे बोलले. या वेळी मधे कुणी नको. त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः विचारावं. मी नाही म्हणाले तरी दुकानातून हाकलणार नाही.”

ताईने संध्याकाळी भावाला सगळं सांगून टाकलं, काहीही न लपवता. वायरदादांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग ते भांडी घासायला उठले आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिले. ताई ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. शेवटी पाठमोऱ्यानेच त्यांनी मनातलं बोलून दाखवलं, की मी माझा संसार थाटला तर तुझं काय? तुला एकटीला टाकून मी कुठे जाऊ?

ताईने नळ बंद केला.

“अरे, मी महिनाभरासाठी आले होते. तुझं काही मार्गी लागेना म्हणून राहिले. इतकी वर्षं तुला वाटतंय तू मला सांभाळतोस, आणि मला वाटतंय मी तुला सांभाळते. आपल्या दोघांपैकी कुणीतरी आता सुटायला पाहिजे की नको?”

मग तिने आणखी सांगितलं, की इस्पितळातल्या तिघी मैत्रिणी एकाच इमारतीत राहतात, तिथे एक खोली भाड्याने मिळतेय, आणि तिथे पत्त्यांचा रोजचा डाव असतो. खोली तिने बघूनही ठेवली होती. वायरदादा ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. त्यांना एकाच वेळी सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं. ताईने टॉवेल फेकला आणि म्हणाली, आधी हात पूस.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती. जिन्यात ती सगळी सांडली.

“आज काय हवंय?” तिने विचारलं.

“आज काही नकोय.” मग घसा खाकरून, “तुमचं माझ्याशी लग्न करण्याबद्दल काय मत आहे?”

दरपत्रक मागवावं तसं ते बाहेर पडलं. दुकानदारीण बाईंनी हातातल्या मॉड्यूलला सावकाश टोपी घातली आणि ते खळग्यात ठेवलं. विचार करायला वेळ लागेल, म्हणाल्या.

“किती?”

“तुम्हाला लागला त्याच्यापेक्षा कमी.”

त्या शुक्रवारी दुकानदारीण बाई छापखान्यात आल्या. वायरदादा स्विचच्या खोलीत होते. तिथे पंख्यांचा एवढा घोंघाट, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. त्यांनी आधी अटी सांगितल्या. दुकान चालू राहणार. संध्याकाळी जेवणासाठी कुणी वाट बघतंय म्हणून शटर लवकर खाली येणार नाही. घरात कुठलीही वस्तू दोनदा घ्यायची नाही. वायरदादा प्रत्येक अटीला मान डोलवत होते, फक्त शेवटच्या अटीला त्यांनी छत्री आणि रेनकोट एवढा अपवाद मागून घेतला. तो मंजूर झाला. मग त्या काहीतरी म्हणाल्या ते पंख्यांत बुडून गेलं. वायरदादांनी कानाला हात लावला. त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही.

“हो म्हणतेय मी,” दुकानदारीण बाई सगळा जोर लावून ओरडल्या.

प्लेटमास्तर दाराबाहेरच होते. चहाची वेळ व्हायच्या आत बातमी तिन्ही इमारतींत पोचली, आणि मागच्या शेडमधल्या लोकांनी यंत्रं दोन मिनिटं बंद ठेवून टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी काचेतून उभी यंत्रं पाहिली आणि त्यांना कुणी काही सांगेना म्हणून स्वतःच खाली येऊन काय झालं ते विचारलं.

पुस्तकं शाळा उघडायच्या आत गेली. लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून ताई, मालकीणबाई आणि प्लेटमास्तर, ज्यांच्या बोटांची शाई सहीच्या कागदावरही उमटली. ताई त्याच आठवड्यात मैत्रिणींकडे राहायला गेली. पहिले काही दिवस वायरदादांना घर सुनं सुनं वाटे आणि ते संध्याकाळी तिला फोन करत. ती पत्ते हातात धरून बोलायची, उत्तरं तुटक द्यायची, आणि मागून कुणीतरी तिला डाव टाक म्हणून हाका मारायचं. मग त्यांनी रोज फोन करणं सोडून दिलं.

आता दर रविवारी सकाळी नवराबायको पोहायला जातात. दोघांनाही येत नव्हतं, दोघांनाही नेहमी शिकायचं होतं. तिने पहिल्याच महिन्यात हातपाय मारून तलावाचं दुसरं टोक गाठलं. वायरदादा अजून उथळ बाजूला आहेत. कठड्याला धरून ते पाय झाडतात, शिकवणारा हात सोडा म्हणतो, आणि ते सोडतातही; चार-पाच हात पाणी कापून, नाकातोंडात पाणी गेलं तरी हसतच, पुन्हा कठडा गाठतात.